संशोधकाची विद्या कोणाच्या दारी?

अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला तरुण विद्यापीठ सोडून व्यवस्थापन-सल्लागार कंपनीत रुजू झाला, की आपल्या वर्तुळात त्याला 'विकला गेला' म्हणण्याची घाई होते. हा आरोप सोपा आहे आणि म्हणूनच निरुपयोगी. शिष्यवृत्तीची वर्षे संपल्यावर महाराष्ट्रात त्याच्या वाट्याला काय येते? तासिका तत्त्वावरची तुटपुंजी अध्यापकी. कायम जागा रिकाम्या ठेवणारे शासन आधी त्याला विद्यापीठाबाहेर ढकलते आणि मग त्याच्यासारख्यांच्या बुद्धीवर उभ्या असलेल्या कंपन्यांकडून अहवाल विकत घेते.

विद्यापीठाबाहेर पडणे हे पाप नव्हे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हेच प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या सल्ल्याचा धनी ऊस पिकवणारा सभासद होता आणि त्याला सभेत उभे राहून जाब विचारण्याचा अधिकार होता. १९२६ साली सल्लागार कंपनी स्थापन करणारे जेम्स मॅकिन्सी हेही शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्राचे प्राध्यापकच. परंतु त्या कंपनीचा सल्ला उत्तरदायी राहिला तो केवळ गिऱ्हाइकाला. अफूजन्य वेदनाशामकांचा खप वाढवण्याच्या सल्ल्यावरून झालेल्या दाव्यांत २०२१ साली तिला अमेरिकेतील राज्यांशी ५७ कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तडजोड करावी लागली. तिथे गणित चुकले नव्हते. ते कोणासाठी मांडावे, हा विवेक चुकला होता.

१९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा आकडे आणि पद्धत सर्वांसमोर होती. म्हणूनच त्यावर कडाडून टीकाही होऊ शकली. २००३ साली 'बॉम्बे फर्स्ट' या उद्योगपतींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेसाठी मॅकिन्सीनेच मुंबईला 'जागतिक दर्जाचे' शहर करण्याचा आराखडा रचला. अशा आराखड्यांतील महानगर आमच्या सांडोरपर्यंत पसरते, परंतु इथला वाडीवाला त्यांचा गिऱ्हाईक नसतो. बावखल बुजले म्हणजे भोवतालच्या विहिरींचे गोडे पाणी धोक्यात येते, हे त्याला ठाऊक असते. पण ते ज्ञान कोणी विकत घेत नाही, म्हणून ते अहवालातही येत नाही. हरित वसईच्या आंदोलनाला हे ज्ञान रस्त्यावर उतरून सांगावे लागले.

तेव्हा तरुणांना दूषणे देणे पुरे. आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात: अध्यापकांच्या कायम जागा भरा, सार्वजनिक पैशातून घेतलेला प्रत्येक सल्लागार-अहवाल आकड्यांसह, पद्धतीसह आणि मराठीतून, निर्णयापूर्वी प्रसिद्ध करा. २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या महापालिकेकडे असा एक तरी अहवाल मागावा आणि तो गावसभेत वाचून दाखवावा. लोकांपुढे वाचता न येणारा सल्ला लोकांच्या पैशाने घेण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही.