जय भीम म्हणणारा बिल्डर आणि बापाचा प्रॉव्हिडंट फंड

घर घ्यायचं ठरलं की आपल्या समाजात पहिला प्रश्न हमखास हा असतो: "बिल्डर आपला आहे का?" महारेराचा नंबर, जमिनीचा सातबारा, बांधकामाची परवानगी हे सगळं नंतर. कधी कधी पैसे देऊन झाल्यानंतर!

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही, त्यामागे इतिहास आहे. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून १९१७ साली परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. आजही आडनाव ऐकून "फ्लॅट गेला" म्हणणारे मालक आहेत आणि "फक्त शाकाहारी" या दोन शब्दांत जात विचारून घेणाऱ्या सोसायट्या आहेत. दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांबद्दल सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार कसा मिळतो, हे त्यात नोंदवलं आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात एकाच समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. अशा देशात आपला माणूस आपल्या माणसाकडे वळणारच.

पण हाच विश्वास आता बाजारात विकायला निघाला आहे, आणि आक्षेप त्याला आहे. ब्रोशरवर बाबासाहेबांचा फोटो, भूमिपूजनाच्या जागी बुद्धवंदना, १४ एप्रिलची 'खास सवलत', आणि एजंट फोन उचलतो तोच "जय भीम" म्हणून. मग गिरणीत, महापालिकेत, रेल्वेत हाडं झिजवलेल्या बापाचा प्रॉव्हिडंट फंड एका साध्या पावतीवर त्याच्या हाती जातो. कागद मागितला तर उत्तर तयार असतं: "दादा, आपल्याच माणसावर विश्वास नाही का?"

नाही. ठामपणे सांगायचं, नाही. बुद्धांनी कालामांना काय सांगितलं? केवळ परंपरा आहे म्हणून, केवळ गुरूने सांगितलं म्हणून मानू नका. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीचा धोका दाखवला. राजकारणात जी भक्ती घातक, ती बांधकाम व्यवसायात चालेल का? जो बिल्डर बाबासाहेबांचं नाव घेतो, त्याने तर कागद मागायच्या आधी समोर ठेवायला हवा.

कागद म्हणजे नेमकं काय, हे आता पाठ करून टाका. रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात महारेरा २०१७ पासून. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल किंवा घरं आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणीशिवाय जाहिरात आणि विक्री करता येत नाही. एजंटलाही नोंदणी लागते, तो वस्तीतला असला तरी. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ठरलेल्या तारखेला ताबा दिला नाही तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क तुमचा आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरने स्वतःच्या खर्चाने करायची. आणि नोटरीच्या शिक्क्याने घर तुमच्या नावावर होत नाही. करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो.

पण नंबर दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली, लोकांनी घरं घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आयुष्याची कमाई कुणाची गेली? घर घेणाऱ्यांची. म्हणून बांधकाम सुरू करण्याचा दाखला महापालिकेत जाऊन पडताळा. जमिनीच्या मालकीचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाकडून घ्या, बिल्डरच्या वकिलाकडून नको. त्याच बिल्डरची आधीची इमारत पाहा आणि तिथल्या रहिवाशांना तीन प्रश्न विचारा: भोगवटा प्रमाणपत्र मिळालं का, सोसायटी झाली का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली का? तिन्ही उत्तरं "अजून नाही" असतील तर चहा पिऊन घरी या.

काही जण म्हणतील, अशाने बहुजन उद्योजक उभे कसे राहणार? उलट विचार करून पाहा. जो आपला तरुण नियमाने बांधतो, वेळेत ताबा देतो, त्याचं नुकसान कोण करतं? कागद मागणारा ग्राहक करत नाही. भावनेवर धंदा करणारा लबाड करतो, कारण त्याच्या एका फसवणुकीने दहा प्रामाणिक बांधकाम व्यावसायिकांवरचा विश्वास उडतो. प्रामाणिक माणसाला साथ द्यायची तर तपासून द्या.

दुसऱ्या बाजूचा बिल्डर गुळगुळीत असतो. तो नकार देत नाही, फक्त "इथलं वातावरण वेगळं आहे" म्हणतो. घाबरून गल्ली बदलू नका. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारलं तर निबंधकाकडे अपील आहे. नकार लेखी मागा. बाबासाहेबांनी राजगृह बांधलं ते दादरच्या हिंदू कॉलनीत, आणि बांधताना विचार केला तो पुस्तकांच्या जागेचा. आपण कुठे राहायचं हे दुसऱ्याने ठरवावं, हे त्यांनी मान्य केलं नाही.

बिल्डर निवडताना आणखी एक गोष्ट आपणच पाहायची, कारण दुसरं कुणी पाहत नाही. साइटवर विटा वाहणारी बाई कोण आहे? बहुतेक वेळा आपलीच, दुष्काळी तालुक्यातली किंवा परप्रांतातल्या दलित-आदिवासी वस्तीतली. तिच्यासाठी शौचालय आहे का, मजुरांची नोंदणी कल्याणकारी मंडळात आहे का, डोक्यावर हेल्मेट आहे का, हे विचारा. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री राहिलेल्या माणसाचे आपण अनुयायी. मजुराच्या सुरक्षेत पैसे वाचवणारा तुमच्या सिमेंटमध्येही वाचवेल.

आणि करारनाम्यावर नाव कुणाचं? हिंदू कोड बिलावर मंत्रिपद सोडणाऱ्याच्या अनुयायांच्या घरात अजूनही फक्त बापाचं किंवा मुलाचं नाव लागतं. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे. किमान सहमालक म्हणून तरी तिचं नाव लावा.

तरुण साथींना एकच काम सुचवतो. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार घराच्या कागदांसाठी ठेवा. समाजात वकील आहेत, सिव्हिल इंजिनिअर आहेत, महापालिकेत नोकरी करणारे आहेत. एका टेबलावर हे तिघं बसले आणि घर घेणारं कुटुंब पैसे देण्याआधी कागद घेऊन त्यांच्यासमोर आलं, तर कितीतरी संसार वाचतील. जयंतीच्या डीजेचं एका वर्षाचं भाडं या कामाला पुरून उरेल. येत्या रविवारी आपल्या विहाराच्या कमिटीसमोर हा विषय मांडा.

जय भीम!