आधी वेलांटी नीट काढा, मग प्रमाणपत्रं वाटा

"मराठीत टाकलं की असंच होतं, बाई." हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याचं उत्तर एकदा लिहूनच ठेवावं म्हणते. पुढच्या वेळी नुसता दुवा पाठवला की काम झालं :-)

विषय तसा रोजचाच आहे. स्पर्धेचं प्रमाणपत्र, लग्नाची पत्रिका, वाढदिवसाचं शुभेच्छापत्र, सभासदाचं ओळखपत्र. आपण एका पानावर नाव भरतो, बटण दाबतो आणि पलीकडचा सर्व्हर त्या नावासकट एक चित्र तयार करून पाठवतो. त्या चित्रात आपलं नाव मोडलेलं असतं. 'मिरज'चं 'मरिज' झालेलं, 'गणित'चं 'गणति', 'दिनकर'चा 'दनिकर'. 'आणि'मधली वेलांटी तर कुठल्याच अक्षराला न चिकटता शेवटी एकटीच लोंबकळत राहते. 'कोल्हापूर'मधला ल पाय मोडून एकीकडे उभा आणि ह त्याच्याशी भांडण झाल्यासारखा दुसरीकडे. गंमत म्हणजे 'मंगळवार पेठ' मात्र दर वेळी अगदी बरोबर उमटतं. आमच्या पेठेच्या नावात ना ऱ्हस्व वेलांटी आहे ना जोडाक्षर, त्यामुळे तिचं कुणी काही बिघडवू शकलेलं नाही!

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण आमच्या शेजारी सातवीतली एक मुलगी आहे. तिचं नाव 'किरण' आहे असं धरा. तिने एका ऑनलाइन निबंध स्पर्धेत भाग घेतला आणि प्रमाणपत्र आलं 'करिण'च्या नावाने. घरच्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "नाव तरी धड टाइप करता येत नाही का गं?" पोरीने नाव अचूक टाइप केलं होतं. भरलेल्या अर्जाचं पान तिने मला दाखवलं, तिथे 'किरण' स्वच्छ दिसत होतं. तरी बोल तिलाच बसला. जन्मभर शुद्धलेखन तपासलेल्या बाईला हे सहन होणं कठीण. ज्याने चूक केलीच नाही त्याच्या वहीत लाल शाईची रेघ मारण्यातला हा प्रकार आहे. स्पर्धा घेणाऱ्या संस्थेला (नाव सांगत नाही) मी लिहिलं तेव्हा उत्तर आलं, "फाँटचा प्रॉब्लेम आहे, नाव इंग्रजीत भरा."

तर मंडळी, हा फाँटचा प्रॉब्लेम नाही, युनिकोडचाही नाही, आणि मराठीचा तर मुळीच नाही. माझा भाचा पुण्यात याच क्षेत्रात आहे. तो दिवाळीला आला तेव्हा त्याला शेजारी बसवून मी हे सगळं करून बघायला लावलं. जे कळलं ते माझ्या शब्दांत सांगते.

युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी असा क्रम असतो. आपण उच्चारतो तसाच. कागदावर काढताना मात्र वेलांटी डावीकडे येते. म्हणजे साठवण्याचा क्रम वेगळा आणि दिसण्याचा वेगळा. मधे कुणीतरी ही अदलाबदल करावी लागते, शिवाय ल् आणि ह एकत्र आले की त्यांचं जोडाक्षर करावं लागतं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. जुन्या छापखान्यात हे काम खिळे जुळवणारा कंपोझिटर करायचा. संगणकात ते एक वेगळा प्रोग्राम करतो, त्याला शेपिंग इंजिन म्हणतात. हार्फबझ हे त्यातलं आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं. आपल्या ब्राउझरमध्ये असा कंपोझिटर बसलेला असतो, म्हणून पानावर मराठी नीट दिसते.

आता सर्व्हरवर काय होतं बघा. पीएचपी ही भाषा असंख्य संकेतस्थळं वापरतात. तिच्यासोबत चित्र काढायला 'जीडी' नावाचं साहित्य येतं आणि त्यात अक्षरं काढायला 'इमेजटीटीएफटेक्स्ट' नावाची आज्ञा असते. तिला 'किरण' दिलं की ती क उचलते, फाँटमधून त्याची आकृती घेऊन ठेवते, मग वेलांटी उचलून तिच्या उजवीकडे ठेवते, मग र, मग ण. झालं 'करिण'. म्हणजे छापखाना आहे, खिळे आहेत, शाई आहे, कंपोझिटर मात्र नेमलेलाच नाही. खिळ्यांना दोष देऊन काय उपयोग? विंडोज २००० पासून मिळणारा 'मंगल' हा फाँट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केलेला आहे. अशा फाँटमध्ये जोडाक्षरांच्या आकृती आणि त्या कधी वापरायच्या याचे नियम दोन्ही भरून ठेवलेले असतात. ते नियम उघडून वाचायचेच नाहीत आणि वर फाँट बिघडलाय म्हणायचं!

आपल्यातल्या जुन्या मंडळींना हे दुखणं आठवत असेल. विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठी अशीच मोडकी दिसायची. मग कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात खूण करायची, विंडोजची सीडी शोधत घरभर फिरायचं, आणि संगणक पुन्हा सुरू केला की वेलांट्या शहाण्यासारख्या जागेवर. घरच्या संगणकांवरचा तो आजार केव्हाच बरा झाला. सर्व्हरवर मात्र तो मुक्कामाला राहिला, आणि तिथे तो जास्त घातक आहे. माझ्या संगणकावर मजकूर मोडका दिसला तर मी माझा संगणक दुरुस्त करीन. सर्व्हरने चित्रच मोडकं काढलं तर ते जगात सगळ्यांना सारखंच मोडकं दिसणार. चित्रातली वेलांटी मला इथे बसून हलवता येत नाही.

मग हे वर्षानुवर्षं दुरुस्त का होत नाही? याच कामातल्या बाकीच्या चुका तर लगेच दुरुस्त होतात. चित्र उघडतच नाही, नुसती तुटकी चौकट दिसते, अशी तक्रार आली की दुपारपर्यंत शोध लागतो. बहुधा प्रोग्रामच्या सुरुवातीला एखादी रिकामी ओळ सुटलेली असते. किंवा फाइल जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून साठवलेली असते. ते नोटपॅड सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट घालायचं, आणि ते चित्राच्या आधी गेले की ब्राउझरला ते चित्र वाटतच नाही. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले तर त्या फाँटमध्ये देवनागरीच नाही, फाँट बदलला की झालं. या चुका मराठी न वाचणाऱ्यालाही दिसतात. वेलांटी सरकलेली असली तर चित्रात 'मराठीसारखं काहीतरी' दिसतं, शिरोरेघ असते, कानामात्रा असतात, तेवढ्यावर काम पास होतं. चित्र कुणी वाचतच नाही. आमच्याकडे पाटी रंगवणारे पेंटर नाव आधी कागदावर लिहून घ्यायचे, आणि रंगवून झालं की रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ते वाचायचे. बाबूराव पेंटरांच्या गावात याहून वेगळं काय असणार म्हणा. ती दहा पावलं चालायचे कष्ट आता कुणी घेत नाही.

आणि तक्रार केलीच तर दोन पळवाटा तयार असतात. पहिली मी वर सांगितली, नाव इंग्रजीत भरा. मराठी निबंध स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर! रोमन अक्षरं एकमेकांना न चिकटता रांगेत उभी राहतात, म्हणून एकेक उचलून ठेवणाऱ्या आज्ञेचं त्यांच्याशी जमतं, एवढंच. हिंदी, नेपाळी, बांगला, तमिळ, अरबी लिहिणाऱ्या कोट्यवधींना हाच त्रास आहे. इतक्या लोकांनी आपली लिपी सोडायची, कारण एका आज्ञेला जोडाक्षर येत नाही?

दुसरी पळवाट जास्त वाईट, कारण ती हुशारी वाटते. "वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करा, चित्रात बरोबर दिसेल." खरंच दिसतं. आणि अनेकांना ते पटतंही, कारण रेमिंग्टनच्या मराठी टाइपरायटरवर वेलांटी आधीच मारायची सवय होती. पण टाइपरायटरवर कागद हाच शेवट होता. इथे चित्रामागे नोंदवही असते. त्या नोंदवहीत आता 'किरण' नाहीच, वेलांटीने सुरू होणारी भलतीच अक्षरं आहेत. उद्या नाव शोधलं तर सापडणार नाही. अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे अडखळणार. आणि परवा कुणी शहाणा माणूस सर्व्हर दुरुस्त करील, तेव्हा चुकीची भरलेली ही सगळी नावं एकदम मोडतील. चित्र दिसायला बरं हवं म्हणून मूळ नोंदच खोटी करायची, याला मी जुगाडसुद्धा म्हणणार नाही. (चित्र काढायच्या शेवटच्या क्षणी युनिकोडचं जुन्या फाँटात रूपांतर करणारेही आहेत. मूळ नोंद शाबूत ठेवत असतील तर त्यांच्याशी माझं भांडण नाही.)

यंत्राला जमत नाही म्हणून लिपी बदला, हा आग्रह काही आजचा नाही. १९५३ साली लखनौच्या परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, दांडी आखूड करून लिहावी असं ठरलं होतं. लोकांच्या हाताला आणि डोळ्याला ते पटलं नाही, ठराव बारगळला. त्या काळी निदान विद्वान एकत्र बसून चर्चा तरी करत होते. आज एक न वाचलेली ओळ तेच काम न विचारता करून टाकते.

उपाय नाहीत म्हणावं तर तसंही नाही. भाच्याने एका दुपारात तीन करून दाखवले. इमेजमॅजिक या चित्राच्या साहित्याला मजकूर 'पँगो'च्या वाटेने दिला की 'किरण' बरोबर येते. पायथनमध्ये काम करणाऱ्यांसाठी पिलो आहे, त्याला 'रक्म' जोडलं की तोही शहाणा होतो. आणि सर्वांत सोपं म्हणजे प्रमाणपत्र साध्या वेबपानासारखं मांडायचं आणि सर्व्हरवरच्या क्रोमला त्याचं चित्र काढायला सांगायचं. २०१७ पासून क्रोम खिडकी न उघडता हे काम करतो, आणि त्याच्या पोटात कंपोझिटर आहेच. पीडीएफ करणाऱ्यांच्या एमपीडीएफमध्येही यासाठी एक कळ आहे, ती फक्त चालू करावी लागते.

"स्वस्तातल्या सर्व्हरवर आम्हाला हे काही बसवू देत नाहीत, क्रोम मेमरी खातो." हा आक्षेप खरा आहे. पण मग सर्व्हरवर चित्र काढूच नका ना! प्रमाणपत्राचं पान जसंच्या तसं पाठवा, ज्याचा त्याचा ब्राउझर ते नीट दाखवील, छापून देईल, हवं तर तिथेच चित्रही करील. "कळतंय ना नाव, मग झालं" हा दुसरा आक्षेप. याला मी उत्तर देत नाही. म्हणणाऱ्याने आपलं नाव आधारकार्डावर असं छापून आणावं, मग बोलू.

हल्ली यंत्राला नुसतं सांगितलं की ते अख्खं पोस्टर रंगवून देतं आणि त्यातही अक्षरं मोडलेली असतात. हा आजार निराळा. ते यंत्र अक्षरं लिहीत नाही, अक्षरांसारखे आकार रंगवतं, त्याच्यावर वरचे उपाय चालायचे नाहीत. दोन्हींची गल्लत करून "एआय आलं की आपोआप सुटेल" असं म्हणणारेही भेटले. असो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्हीही पेढे खाल्ले. ल पाकळीचा की दंडाचा यावर राज्य शासनाने २००९ साली एक निर्णय काढला आणि २०२२ साली तो बदलला. शाळेत मुलांनी कुठला ल गिरवायचा यावर एवढा विचार होतो, तर त्याच मुलाच्या प्रमाणपत्रावरचा ल सर्व्हर कसा काढतो हे तपासायची पद्धत का नसावी? शाळा, मंडळं, संस्था संगणकाचं काम बाहेर देतात तेव्हा करारात एक ओळ घालता येते. चित्रातली मराठी अचूक उमटल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

तपासायचं कसं, तर त्यासाठी आख्खं शुद्धलेखन घालायची गरज नाही. 'ज्योतिर्लिंग' हा एक शब्द पुरे. आमच्या जोतिबाच्या डोंगरावर सतत कानावर पडणारा. त्यात ज्योचं जोडाक्षर आहे, तिची वेलांटी आहे, आणि र्लिंमध्ये रफार, वेलांटी, अनुस्वार तिघं एकाच अक्षरावर. हा शब्द चित्रात नीट उमटला तर श्र आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्य तेवढा बघून घ्या, बाकी निश्चिंत असा.

तुमच्यापैकी जे प्रोग्राम लिहितात त्यांनी आपापल्या सर्व्हरवर आजच करून बघा आणि काय दिसलं ते मला कळवा. जे लिहीत नाहीत त्यांनी मोडकं प्रमाणपत्र आलं की दोन चित्रं शेजारी लावून पाठवा, अर्जात भरलेलं नाव आणि चित्रात आलेलं नाव. शेजारच्या 'किरण'साठी मी ती परवाच पाठवली आहेत, सोबत पँगोबद्दल दोन ओळी. तिच्या घरीही ती दोन्ही चित्रं दाखवून आले.