भोकं बुजवू नका!

कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. मुद्दा मात्र पक्का आहे.

मुरगूडला आमच्या काकांची जुनी पद्मिनी आहे. वेदगंगेकाठचा पाऊस कसा असतो ते तिच्या दरवाजांना विचारा! दोन वर्षांपूर्वी पेंटिंग करताना मिस्त्रीने दरवाजाखालची भोकं सीलंटने बुजवली. "आता पाणी येणार न्हाई बघा!" अहो, पण त्याच भोकांतून पाणी बाहेर जात होतं! काचेच्या कडेने थोडं पाणी दरवाजात उतरतंच, ते खालून निघून जावं असंच डिझाइन असतं. यंदा खालचा पत्रा दाबला तर बोट आत गेलं.

१९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही इंग्लिश स्पोर्ट्स कार. तिच्या काचेपुढच्या जाळीत पडलेलं पाणी रबरी नळीने खाली जातं. नळीत पाला अडकला की पाणी थेट पायाशी!

माझ्या मते सीलंटच्या ट्यूबपेक्षा सायकलची जुनी तार कामाची. मे महिन्यात भोकं मोकळी करा, काचेवर तांब्याभर पाणी ओता, खालून निघतंय का बघा. खर्च शून्य.

काकांना हे अजून पटलेलं नाही. दरवाजाला नवीन पत्रा बसवायचाय, आणि मिस्त्री तोच आहे.