तीस वर्षांपूर्वी तुम्ही कुठे राहत होता?

खोकल्याने बेजार झालेला माणूस दवाखान्यात गेला की दोन प्रश्न ठरलेले असतात. बिडी-सिगारेट ओढता का? घरात कुणाला टीबी झाला होता का? हे विचारायलाच हवे. पण तिसरा एक प्रश्न आपल्याकडे जवळजवळ कुणीच विचारत नाही. वीस, तीस, चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही काय काम करत होता आणि कुठे राहत होता? ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कॅन्सरच्या बाबतीत सगळे उत्तर या एका प्रश्नात दडलेले आहे. तो विचारला जात नाही म्हणून रुग्ण मोजले जात नाहीत, आणि मोजले जात नाहीत म्हणून भरपाईही कुणाला मिळत नाही.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, गंजत नाही आणि स्वस्त पडते. म्हणून ते छपराच्या पत्र्यांत, पाइपांत, ब्रेक लायनिंगमध्ये, बॉयलर आणि जहाजांच्या आवरणांत वापरले गेले. त्याचे तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून आत गेलेले तंतू फुप्फुसात वर्षानुवर्षे राहतात. त्यातून फुप्फुस घट्ट होण्याचा ॲस्बेस्टॉसिस हा आजार होतो, फुप्फुसाचा कॅन्सर होतो आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कॅन्सरही होतो. मेसोथेलिओमा दिसायला बहुतेकदा वीस ते चाळीस वर्षे लागतात. तोपर्यंत कारखाना बंद पडलेला असतो, जागेवर टॉवर उभे असतात आणि माणूस दुसऱ्याच गावी असतो.

पत्ता विचारल्याने काय हाती लागते, हे १९६५ साली लंडनमध्ये दिसले. तिथल्या एका रुग्णालयातल्या मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांचा पूर्वेतिहास दोन महिला संशोधकांनी तपासला. निम्म्याहून अधिक जणांचा संबंध ॲस्बेस्टॉसच्या कामाशी किंवा घरातल्या कामगाराशी निघाला. नवऱ्याचे कामावरचे कपडे धुणाऱ्या बायकाही त्यात होत्या. असा कोणताच संबंध नसलेले ३६ जण उरले. त्यांपैकी ११ जण कधी ना कधी ॲस्बेस्टॉस कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते. त्यांनी कारखान्यात पाऊलही टाकले नव्हते.

जपानमध्ये हाच धडा चाळीस वर्षांनी गिरवला गेला. आमागासाकी शहरात कुबोता कंपनीचा कारखाना ॲस्बेस्टॉस घातलेले सिमेंटचे पाइप बनवत असे. जून २००५ मध्ये तिथल्या कामगारांचे मृत्यू आणि आसपासच्या रहिवाशांचे आजारपण एकदमच देशासमोर आले. संशोधकांनी रुग्णांचे जुने पत्ते नकाशावर मांडले. कारखान्याच्या जवळ आणि वाऱ्याच्या दिशेला राहिलेल्यांना धोका जास्त होता, हे त्यातून दिसले. २००६ मध्ये जपानने कायदा केला. कामगार विम्यात न बसणाऱ्या रुग्णांनाही, म्हणजे कारखान्याच्या शेजाऱ्यांनाही, उपचारखर्च आणि मासिक मदत मिळू लागली. कंपनीनेही शेजाऱ्यांना पैसे दिले. हे सगळे शक्य झाले, कारण आजारी माणसे आपण कुठे राहत होतो हे सांगू आणि दाखवू शकली.

आता आपल्याकडे पाहा. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. हा आजार उशिरा येतो हे न्यायालयाने तेव्हाच ओळखले होते. प्रत्यक्षात काय झाले? मुंबईतले डॉ. व्ही. मुरलीधर आणि त्यांच्या सहकाऱ्याने घाटकोपरच्या एका कारखान्यातील कामगार तपासले. त्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८१ पैकी ४१ कामगारांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. असे रुग्ण ब्रॉन्कायटिस किंवा टीबीचे म्हणून नोंदवले जातात, हेही त्यांनी लिहिले. हे कायम कामगार होते, त्यांचे नाव हजेरीपटावर होते. ठेकेदाराच्या माणसाचे नाव कुठे शोधायचे? कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या बाईचे तर कुठल्याच रजिस्टरमध्ये नाव नसते. आपली भरपाईची व्यवस्था कामगारापाशी थांबते.

हे मी या वाचकांना का सांगतोय? कारण ही धूळ आपल्या मोहल्ल्यांच्या ओळखीची आहे. दारुखान्यात जुनी जहाजे तोडणारे, त्यातून निघालेला माल भंगारात विकत घेणारे, गॅरेजमध्ये ब्रेक लायनर घासणारे, सिमेंटचे पत्रे कापून छपरे घालणारे, यांत आपली माणसे आहेत. शिवाय आपल्या पत्त्यांची साखळी तुटलेली आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो कुटुंबे मुंब्र्यासारख्या ठिकाणी आली. झोपडपट्ट्या हटल्या, पुनर्वसनात घरे बदलली. तीस वर्षांपूर्वी अमुक कारखान्यामागे राहत होतो, हे आज कागदावर दाखवणे आपल्याला इतरांपेक्षा अवघड आहे.

तरी आपल्याला कागद शोधता येतात. २०१९-२० मध्ये एनआरसीच्या भीतीने आपण प्रत्येक घरातली ट्रंक उघडली. रेशनकार्डे, जुनी लाइटबिले, शाळा सोडल्याचे दाखले, मतदार यादीतली नावे बाहेर काढली, झेरॉक्स काढल्या, फायली केल्या. त्या फायली अजून कपाटात आहेत. मी आमच्या घरची फाइल पुन्हा काढली आणि एका वहीत थोरल्यांची यादी केली. मामू अकरा वर्षे दारुखान्यात गॅस कटिंग करत होते. त्यांचा एकही पगाराचा कागद नाही, पण त्या काळचे रेशनकार्ड आहे. मामी त्यांचे कपडे झटकून धुवायची, हे तिने मी विचारल्यावर पहिल्यांदा सांगितले. "आजवर कुणी विचारलंच नाही," म्हणाली. दोघेही आज बरे आहेत. पण उद्या छातीचा त्रास झाला, तर डॉक्टरांना दाखवायला दोन पाने तयार आहेत.

असे प्रत्येक वस्तीत व्हायला हवे. कॉलेजातल्या चार-पाच जणांनी मिळून एक मोहल्ला घेतला तरी पुरे. साठीच्या पुढच्या माणसांकडे बसायचे आणि काम, साल, जागा, शेजारचा कारखाना आणि कोणाचे कपडे कोण धुवायचे, हे लिहून घ्यायचे. जुने एक्स-रे फेकू द्यायचे नाहीत. वही ज्याची त्याच्या घरी राहील, आणि विचारल्याशिवाय कुणाची माहिती बाहेर जाणार नाही. दवाखान्यात गेल्यावर ही माहिती केसपेपरवर लिहायला सांगायची. टीबीची औषधे पूर्ण करूनही दम कमी होत नसेल, तर ती विशेष महत्त्वाची ठरते.

घाबरवण्याचा माझा हेतू नाही. डोक्यावरचा धड पत्रा रोज विष ओततो असे नाही. तो फोडताना, कापताना, भोके पाडताना आणि घासताना धूळ उडते, धोका तिथे आहे. म्हणून जुना पत्रा काढताना तो तोडू नका, ओला करून अख्खा उतरवा, आणि लहान मुलांना दूर ठेवा. जी व्यक्ती या धुळीत राहिली आहे, तिने सिगारेट-बिडी सोडलीच पाहिजे. दोन्ही मिळून फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो.

गरिबाला स्वस्त छप्पर कुठून मिळणार, हा प्रश्न उद्योगाकडून नेहमी येतो. प्रश्न खोटा नाही. पण ॲस्बेस्टॉसशिवायचे सिमेंटचे पत्रे बनतात आणि साठाहून अधिक देश ॲस्बेस्टॉसवर बंदी घालून चालले आहेत. पांढरे ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असते, हा दावाही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याच्या सर्व प्रकारांना कॅन्सरकारक ठरवले आहे. आपला देश स्वतःच्या खाणींतून ते काढण्याचे परवाने देत नाही, पण बाहेरून दरवर्षी लाखो टन आणतो. जे खाणीत धोक्याचे, ते कारखान्यात आणि छपरावर सुरक्षित कसे? त्या स्वस्त छपराची उरलेली किंमत गरीबच दवाखान्यात भरतो.

म्हणून बंदीची मागणी हवी आणि शेजाऱ्यांनाही मदत देणारा, जपानसारखा कायदाही हवा. पण आमदार-खासदारांकडे जाताना आपल्या हातात काही असले पाहिजे. "आमच्याकडे लोक आजारी आहेत" या वाक्याला उत्तर म्हणून आश्वासन मिळते. एका गल्लीतल्या चाळीस माणसांचे काम, साल आणि पत्ता समोर ठेवला, तर त्याची दखल घ्यावी लागते. हे माहीत असलेली पिढी आता सत्तरीकडे चालली आहे. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाकडे वही घेऊन बसा.