फिटवरचं इंजेक्शन आणि ६६ रुग्ण

"डॉक्टर, हे इंजेक्शन आपल्या दवाखान्यात मिळतं का?" ओपीडीत समोर बसलेल्या आईने फोन पुढे केला. मुलगा १९ वर्षांचा. आठव्या वर्षापासून फिट येतात. तीन औषधं चालू आहेत, तरी महिन्याला चार-पाच फिट ठरलेल्या. फोनवर आलेल्या मजकुरात म्हटलं होतं की, दुसऱ्याच आजारासाठी वापरलं जाणारं एक इंजेक्शन आता गोळ्यांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर, म्हणजे मिरगीवर, लागू पडतं. १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्याच्या आसपास असे मजकूर हमखास फिरतात आणि आमच्या टेबलापर्यंत पोहोचतात.

मजकूर धडधडीत खोटा असता, तर उत्तर सोपं होतं. पण असं इंजेक्शन खरंच तपासलं गेलं आहे, तेही एक नाही तर अनेक. त्यातल्या एकाची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

आधी 'दाद न देणारा' म्हणजे काय ते पाहू. दोन योग्य औषधं, योग्य मात्रेत, नियमित घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणायचं, अशी आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेची २०१० ची व्याख्या आहे. दोनच का? स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० साली नव्या रुग्णांचा हिशेब मांडला. पहिल्या औषधावर ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्यावर आणखी १३ टक्क्यांच्या. तिसऱ्या औषधावर जेमतेम १ टक्का. त्याच गटाने २०१८ मध्ये तीस वर्षांतल्या १७९५ रुग्णांची माहिती पुन्हा तपासली. मधल्या काळात डझनभर नवी औषधं बाजारात आली होती. फिटमुक्त रुग्णांचं प्रमाण मात्र ६३.७ टक्के, म्हणजे जवळजवळ होतं तिथेच. नव्या गोळ्यांचे दुष्परिणाम कमी आहेत, हे मी रोज पाहतो. पण उरलेल्या एक तृतीयांश रुग्णांसाठी गोळ्या बदलत राहण्यापलीकडचा काहीतरी मार्ग हवा, हे संशोधकांना केव्हाच कळून चुकलं होतं.

तो मार्ग काहींना दाहात दिसला. आपल्या बहुतेक गोळ्या मेंदूतल्या पेशींची विजेची धडधड दाबतात. ती धडधड मुळात का होते, याला त्या हात लावत नाहीत. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. फिट आल्यावर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना रक्तातल्या पांढऱ्या पेशी चिकटतात, त्यातून दाह होतो आणि दाहामुळे पुढची फिट यायला वाट मिळते, असं त्यांना दिसलं. पेशींचं हे चिकटणं रोखणारी प्रतिपिंडं टोचली, तेव्हा उंदरांच्या फिट बऱ्याच कमी झाल्या.

आणि नेमकं हेच काम करणारं औषध माणसांसाठी आधीच तयार होतं. नॅटालिझुमॅब. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारासाठी अमेरिकेत २००४ च्या नोव्हेंबरात त्याला मान्यता मिळाली. दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, शिरेतून. पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या ज्या रेणूच्या आधाराने त्या रक्तवाहिनीला चिकटतात, तो रेणूच हे औषध झाकून टाकतं. मात्र तीन महिन्यांतच, फेब्रुवारी २००५ मध्ये, ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. काही रुग्णांना जेसी नावाच्या विषाणूमुळे मेंदूचा गंभीर, जीवघेणा आजार झाला. हा विषाणू आपल्यातल्या अनेकांच्या शरीरात निमूटपणे राहत असतो. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या पेशींनाच मेंदूत जायला मज्जाव झाला, तर तो डोकं वर काढतो. २००६ मध्ये कडक अटींसह औषध परत आलं, आणि आजही ते त्या अटींवरच वापरलं जातं. म्हणजे नुसतं 'घेऊन तर बघू' म्हणण्यासारखं हे औषध नाही.

अपस्मारावरची त्याची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या, औषधांना न जुमानणाऱ्या फिट असलेले ६६ प्रौढ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून ३२ जणांना नॅटालिझुमॅब आणि ३४ जणांना औषध नसलेलं दिसायला तसंच द्रावण, म्हणजे प्लासिबो. नेहमीच्या गोळ्या दोन्ही गटांत चालूच होत्या. उपचार २४ आठवडे.

आता आकडे. औषधाच्या गटातल्या ३२ पैकी १० जणांच्या फिट निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. तुलनेचा गटच नसता, तर बातमी काय झाली असती याची कल्पना करा: 'असाध्य अपस्मारात इंजेक्शनचा तीनपैकी एकाला फायदा'. आमच्या फोनवर येणारे मजकूर बहुधा अशाच आकड्यांतून जन्मतात. पण औषधाचा थेंबही न मिळालेल्या ३४ पैकी ६ जणांच्या फिटही निम्म्यावर आल्या होत्या.

हे कसं होतं, असं रुग्ण विचारतात. त्यात जादू नाही. माणूस नव्या उपचाराच्या शोधात निघतो तो आजार सगळ्यात जास्त सतावत असताना. अपस्मारात चढउतार असतातच, त्यामुळे वाईट काळानंतर थोडा बरा काळ तसाही येतो. शिवाय चाचणीत फिटची वही रोज लिहावी लागते, फोन येतात, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, झोप सांभाळली जाते. नुसत्या एवढ्यानेही फिट कमी होतात. माझ्या ओपीडीत ज्यांचा आजार 'औषधांना दाद देत नाही' असं कागदावर लिहिलेलं असतं, त्यांतल्या अनेकांची खरी अडचण मात्रा अपुरी असणं, शेतीच्या हंगामात गोळ्या चुकणं किंवा मुळात ती फिटच नसणं, ही असते.

सरासरी फिटच्या संख्येत नॅटालिझुमॅबने प्लासिबोपेक्षा १४.४ टक्के घट दिसली. संशोधकांनी आधीच ठरवलं होतं की किमान ३१ टक्के घट दिसली, तरच हे औषध पुढे नेण्यासारखं मानायचं. शिवाय ६६ रुग्णांवरून काढलेल्या त्या १४.४ टक्क्यांभोवतीची अनिश्चितता प्रचंड होती. खरा परिणाम ४६ टक्के घटीपासून ३६ टक्के वाढीपर्यंत कुठेही असू शकत होता. थोडक्यात, चाचणीने ठरवलेली पायरी गाठली नाही, आणि संशोधकांनी तसं स्पष्ट लिहिलं. अशा चाचणीला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही. पण जीवघेण्या दुष्परिणामाचं एक महागडं इंजेक्शन घराघरांतल्या कर्जावर चढलं नाही, त्याचं श्रेय तिलाच द्यायला हवं.

मग दाहाची कल्पनाच चुकीची होती का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण त्याहून लहान असलेली दुसरी एक चाचणी आहे. काही मध्यमवयीन आणि वयस्कर माणसांना अचानक दिवसातून अनेकदा चेहरा आणि हात क्षणभर आखडण्याचे झटके सुरू होतात. त्यांच्या शरीरात मेंदूतल्या एलजीआय-१ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. नेहमीच्या गोळ्यांचा त्यांना फारसा उपयोग होत नाही. या आणि अशाच दुसऱ्या एका प्रतिपिंडाच्या रुग्णांवर इम्युनोग्लोब्युलिन तपासलं गेलं. हेही जुनंच, शिरेतून देण्याचं, इतर आजारांत वर्षानुवर्षं वापरलेलं औषध. चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण फक्त १७, कारण असे रुग्ण मिळेनात. औषध मिळालेल्या ८ पैकी ६ जणांच्या फिट पाच आठवड्यांत निम्म्याने किंवा जास्त कमी झाल्या, प्लासिबोच्या ९ पैकी दोघांच्या.

१७ रुग्णांतून संकेत मिळाला आणि ६६ रुग्णांतून मिळाला नाही, असं का? माझ्या मते मुख्य कारण हे की त्या १७ जणांत फिटचं मूळ एकाच प्रकारचं होतं. 'मेंदूच्या एका भागातून येणारी फिट' हे मात्र एक वर्णन आहे, कारण नव्हे. त्यात कुणाला जुन्या मारामुळे व्रण असतो, कुणाच्या मेंदूच्या घडणीत जन्मापासून दोष असतो, कुणाला लहानपणी तापात आलेल्या मोठ्या फिटचा डाग असतो. यांतल्या कुणाच्या मेंदूत दाह चालू आहे, हे सांगणारी रोजच्या वापरातली रक्ततपासणी आपल्याकडे नाही. सगळ्यांना एकाच टोपलीत घालून एकच इंजेक्शन दिलं, तर ज्या दोघा-चौघांना ते खरंच लागू पडत असेल त्यांचा फायदा सरासरीत बुडून जातो.

तापानंतर धडधाकट मुलाला अचानक न थांबणाऱ्या फिट सुरू होण्याचा एक अतिदुर्मीळ प्रकार आहे. तिथेही संधिवातावरचं २००१ पासूनचं ॲनाकिन्रा हे इंजेक्शन वापरलं जातं. २०२० मध्ये अशा २५ मुलांचा अनुभव एकत्र मांडला गेला. फिटची मोजदाद उपलब्ध असलेल्या १५ पैकी ११ जणांच्या फिट आठवड्यात निम्म्याहून कमी झाल्या. इथे तुलनेचा गट नाही, तेव्हा हा आकडा सावधपणेच वाचायचा. पण मूल अतिदक्षता विभागात बेशुद्ध असताना डॉक्टर चाचणीची वाट पाहत बसत नाहीत, आणि त्यात गैर काही नाही.

हे सगळं त्या आईला सांगताना मला खटकत होतं ते वेगळंच. इंजेक्शनची आशा धरून वाट पाहणाऱ्या घरांना एका सिद्ध उपचाराबद्दल बहुतेकदा कुणी सांगितलेलंच नसतं: शस्त्रक्रिया. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराच्या ११६ मुलांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवरची ७ टक्के. धोके होते, आणि तेही लपवलेले नाहीत. शस्त्रक्रियेच्या गटातल्या ३३ टक्के मुलांना गंभीर त्रास झाला, त्यात एका बाजूचा अशक्तपणाही होता. तो बऱ्याच मुलांत शस्त्रक्रियेच्या स्वरूपामुळे अपेक्षितच होता. दुसऱ्या गटातली मुलं त्या वर्षभर शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत होती. आपल्या सरकारी रुग्णालयांत प्रतीक्षायादी हे नेहमीचंच वास्तव आहे. पण यादीत नाव तरी लागायला हवं, आणि त्यासाठी दोन औषधं अपयशी ठरताच रुग्णाला पुढे पाठवायला हवं. आम्ही डॉक्टर मात्र तिसरी, चौथी, पाचवी गोळी लिहीत बसतो. यात मीही आलो.

या मुलाच्या फाइलमध्ये एमआरआय होता, नऊ वर्षांपूर्वीचा, 'नॉर्मल' असा शेरा असलेला. अपस्मारासाठी बारीक कापांचा जो एमआरआय काढावा लागतो, तो कधी काढलेलाच नव्हता. व्हिडिओ ईईजीही नाही. आईला इंजेक्शनबद्दल नाही म्हणून सांगितलं, आणि या दोन तपासण्यांच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. एमआरआयची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे. तोवर फिटची वही लिहायची, आणि पुढची फिट आली की घरातल्या कुणीतरी त्याच फोनवर तिचं चित्रण करायचं, असं ठरलं.