पाल पडलं की चोर आला?



कांदा काढणीला किंवा कापूस वेचणीला आला, की लासूर स्टेशनच्या आसपासच्या गावांत माळाच्या कडेला पालं पडू लागतात. मजूर मिळत नाही म्हणून आपण दिवसभर हिंडतो आणि त्याच मजुराचं पाल गावाजवळ पडलं, की रात्री दाराची कडी दोनदा ओढून बघतो. दिवसा त्याचे हात हवेत, रात्री त्याची धास्ती. ही धास्ती आली कुठून, आणि तिच्यापायी सरकारी योजनांचं काय होतं, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

धास्तीला कायद्याचंच खतपाणी मिळालेलं आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. अमुक जमातीत जन्मला म्हणजे तो गुन्हेगार, असा त्याचा अर्थ. रोजची हजेरी, गावाबाहेर जायला परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून त्या जमातींना आपण 'विमुक्त' म्हणतो. कायदा गेला, शिक्का मात्र गेला नाही.

१९५९ साली मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. नुसतं हात पसरणंच नव्हे, तर गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून पैसे मागणं हीही त्यात भीक. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी फिरतोय किंवा थांबलाय, तर तोही त्या व्याख्येत ओढता येतो. वॉरंट नसताना अटक, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. आता सांगा, आपल्या दारी येणारा वासुदेव, नंदीबैलवाला, गोंधळी यांचं काय करायचं? दिल्लीत लागू केलेल्या याच कायद्यातली बरीचशी कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. गरिबी हा गुन्हा नव्हे, हे न्यायालयाला सांगावं लागलं. हा रोग आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये, उघड्यावर मुक्काम करणाऱ्या बेघरांना दंड करायची मुभा ग्रँट्स पास या शहराला दिली.

संशय कुठवर जातो, ते धुळे जिल्ह्याने दाखवलं. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. जी खोली दाखले देण्यासाठी बांधली, तिथंच माणसांचे जीव गेले. कोणाला तरी "नाव काय, गाव कोणतं" एवढं शांतपणे विचारायला सवड झाली असती तर?

आता धोरणाकडे वळू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली, तेव्हा बेघर कुटुंब आणि भिक्षेवर जगणारा निराधार आपोआप पात्र धरला गेला. म्हणजे एका कागदावर ज्याचा पहिला नंबर, तोच दुसऱ्या कागदावर अटकेस पात्र! पकडले जाण्याचं भय असलेला माणूस पाहणीच्या वेळी पुढं येईल कसा? पाहणी झाली की पाल उठलेलं, नाव राहिलेलं. २०११ च्या जनगणनेत देशात साडेसतरा लाखांवर बेघर मोजले गेले, त्यातले आठ लाखांवर ग्रामीण भागातले. तेव्हा हा शहराचा प्रश्न आहे असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. घरकुलाला जागा लागते, जागेला रहिवास लागतो, आणि रहिवासाला कोणीतरी "हा आमच्या गावचा" म्हणावं लागतं. योजनेचं बी चांगलं आहे हो, पण वाफसाच नसेल तर उगवणार कसं?

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी मनावर घेतलं तर पुष्कळ होईल. पाल पडलं की नावनिशी लिहून घ्या. नोंद जरूर करा, पण नोंद म्हणजे आरोप नव्हे. मतदार यादीत बेघरांचं नाव लागतं. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जागेवर जाऊन खात्री करू शकतो. पोरांना शाळेत वर्षात केव्हाही घ्यावं लागतं, जुना दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. विमुक्त-भटक्यांसाठी २०११ ची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तिच्यात प्रत्येक कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांच्या घराची तरतूद आहे. गायरानाचं नाव काढलं की २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाकडे बोट दाखवलं जातं. पण शासनाने भूमिहीन मजुरांना रीतसर दिलेल्या जागेचा अपवाद त्याच निकालात आहे. ग्रामसभेने ठराव करून प्रस्ताव वर पाठवायला कोणी अडवलेलं नाही.

आपणही एक करू या. मजुरी चुकती करताना नाव-गाव विचारावं, पाणी कुठं भरता ते विचारावं. रब्बीचा कांदा जो उपटून देतो, त्याला वर्षभर "कुठला कोण" म्हणणं शोभत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, खरं आहे. पण माणसाचं बिऱ्हाड पाठीवर असलं म्हणून त्याला विंचू समजून ठेचायचं नसतं.