खेळाडूचे मोल आणि संघाची निवड

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी शाळा सुटल्यावर व्हरांड्यात इयत्ता नववीच्या पाच-सहा विद्यार्थ्यांचा मोठा वाद चालला होता. प्रथम आम्हांस वाटले, गणिताच्या गुणांवरून काही तंटा असावा. जवळ जाऊन ऐकतो तो विषय निराळाच! 'मुंबई सिटी' या फुटबॉल संघात अमक्यास का घेतले, तमक्यास का वगळले, एवढी रक्कम मोजून आणलेला गडी रिकाम्या गोलासमोरून चेंडू बाहेर मारतो, तर त्याचा पगार का कापू नये, असा तो प्रश्न होता. नागऱ्यापासून मुंबई सुमारे हजार किलोमीटर. वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही तेथील मैदान पाहिलेले नाही. सामने पाहिले ते थोरल्या भावाच्या मोबाईलवर. तरीही प्रत्येक खेळाडूची किंमत ज्याच्या त्याच्या जिभेवर होती. वैनगंगेच्या उपनद्या विचारल्या असता हेच विद्यार्थी छताकडे पाहतात, ही गोष्ट वेगळी.

आम्हांस पाहून एकाने विचारले, "सर, कोटी रुपये घेणाऱ्याने गोल चुकवावा हे पाप नाही काय?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनात राहिला. त्याचे उत्तर देणे आमच्याकडे थकले आहे, ते येथे देतो.

पालकांपैकी कित्येकांचे मत याच्या उलट टोकाचे आहे, हेही आम्ही जाणून आहो. खेळण्याबद्दल पैसे घ्यावे हेच मुळी त्यांस गैर वाटते. ते जुन्या काळाचा दाखला देतात, आणि तो काळ थोर होता यात शंका नाही. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहनबागानच्या अकरा गड्यांनी ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीच्या संघास २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्यांतील दहा जण अनवाणी खेळले. बूट घालून खेळणारे एकटे सुधीर चटर्जी. हे गृहस्थ ख्रिस्ती होते व पुढे धर्मोपदेशक झाले, म्हणून आमच्यासारख्यांस त्यांच्याविषयी अंमळ अधिक अभिमान वाटतो. त्या अकरांपैकी कोणीही वेतनासाठी खेळला नाही.

परंतु फुकट खेळावयाचे तर घरची चूल दुसऱ्या कोणी तरी पेटवावी लागते, ही गोष्ट या दाखल्यात झाकली जाते. ज्याच्या घरी सायंकाळची मजुरी आल्यावाचून तांदूळ शिजत नाही, त्याच्या मुलाने 'केवळ खेळाच्या प्रेमासाठी' खेळावे असे म्हणणे म्हणजे त्याने खेळूच नये असे म्हणणे होय. इंग्लंडातही हाच झगडा झाला. पगारी खेळास तेथे १८८५ साली मान्यता मिळाली ती गिरण्या-खाणींच्या मुलखातील संघांच्या रेट्यामुळे. पुढे १९०१ पासून कोणाही खेळाडूस आठवड्यास चार पौंडांहून अधिक देऊ नये असा नियम झाला. आकडा हळूहळू वाढून वीस पौंडांवर आला, पण मर्यादा साठ वर्षे टिकली. मैदाने भरत होती, तिकिटाचे पैसे मालकांच्या तिजोरीत जात होते आणि ज्याच्या पायांकडे पाहण्यास लोक जमत, त्याचे हात बांधलेले होते. शेवटी खेळाडूंनी संपाची तयारी केली, तेव्हा १९६१ च्या जानेवारीत ती मर्यादा उठली.

आपल्याकडे वेतन आले ते नोकरीचा वेष घेऊन. गोंदिया हे रेल्वेचे गाव. खेळाच्या गुणावर रेल्वेत जागा मिळते हे येथील पालकांस सांगावयास नको. बँका, विमान कंपन्या, कारखाने यांचेही संघ असत. ही व्यवस्था सुरक्षित खरी, पण तिलाही कीड होती. महिंद्र युनायटेड या मुंबईच्या संघाने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली कंपनीने तो संघच बंद केला.

मग २०१४ साली इंडियन सुपर लीग आली आणि तिच्याबरोबर आकडे आले. पुढच्याच वर्षी मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला व सुनील छेत्रीस मुंबई सिटीने १ कोटी २० लाखांस घेतले. 'लिलाव' हा शब्द माणसाविषयी वापरलेला आम्हांस रुचत नाही. आमच्या भागात लिलाव तेंदूपानांचा होतो, जप्तीच्या मालाचा होतो. ते असो. एवढे मोल देऊन संघाचे काय झाले? छेत्रीने आपले काम चोख केले. त्या लीगमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला भारतीय ठरला. संघ मात्र पहिल्या चारांतही आला नाही. त्या वर्षी निकोला अनेल्का हा फ्रेंच गृहस्थ मुंबईचा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही, म्हणजे अकरा जण निवडणारा व निवडला जाणारा एकच! त्याआधीच्या वर्षी मोठ्या नावाचा म्हणून आणलेला स्वीडनचा ल्युंगबर्ग दुखापतींमुळे फार थोडे सामने खेळू शकला. नावाने तिकिटे खपली असतील. चेंडूस नाव वाचता येत नाही.

पहिल्या हंगामात मैदानावरील अकरांत सहा परदेशी चालत. २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. परदेशी खेळाडूंविषयी आमच्या मनात किंतु नाही. त्यांच्यापासून आपली मुले पुष्कळ शिकली. पण जागा अकराच असतात, हे अंकगणित कोणत्याही प्रशिक्षकास चुकत नाही. एकूण वेतनावरही मर्यादा घातली गेली. २०२१-२२ च्या हंगामात ती प्रत्येक संघास १६.५ कोटी रुपये होती. असली मर्यादा म्हणजे कंजुषी, असे आमच्या नववीतील पंडितांचे मत आहे. त्यांस एवढेच स्मरण देतो की, स्पेनमध्ये बार्सिलोनाने मर्यादेचा विचार न करता वर्षानुवर्षे खर्च केला, आणि २०२१ साली आपल्या लाडक्या मेस्सीची नोंदणी करणे त्या क्लबास अशक्य झाले. तो निरोप घेताना कसा रडला हे या मुलांनीच आम्हांस दाखविले होते.

आता राहुल भेके याची गोष्ट पाहा. हा मुंबईचा मुलगा, बचावफळीत खेळणारा. त्याच्या शहरात सुपर लीगचा संघ २०१४ पासून होता, पण भेके केरळ, पुणे, बंगळूर असा फिरला. १७ मार्च २०१९ रोजी अंतिम सामना मुंबईच्याच मैदानावर झाला. जादा वेळेत डोके लावून विजयी गोल केला तो भेकेने, बंगळूरसाठी! २०२१ साली मुंबईने त्यास बोलाविले. एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबवर मुंबईने २-१ असा विजय मिळविला, त्या स्पर्धेत भारतीय क्लबाचा तो पहिलाच विजय, आणि त्यातला विजयी गोल पुन्हा भेकेचा. ४ मे २०२४ रोजी मुंबईने कलकत्त्यास मोहनबागानला ३-१ ने हरवून चषक उचलला, तेव्हा कर्णधार तोच होता. घरचा म्हणून त्यास घ्यावयास हवे होते असे आम्ही म्हणत नाही. तोही एक पक्षपातच. आमचे म्हणणे इतकेच की, जो सात वर्षे नजरेसमोर होता तो सात वर्षे दिसला नाही.

येथे आम्हांस खरा दोष सापडतो. पगार मोठा असणे हा दोष नव्हे. पगाराने संघ निवडणे हा दोष आहे. ज्याच्यावर अधिक खर्च झाला त्यास बाहेर बसविणे कारभाऱ्यास लाजिरवाणे वाटते. बसविला तर आपलीच खरेदी चुकली असे जगजाहीर होते. महाग घेतलेला बैल लंगडत असला तरी शेजाऱ्यांदेखत त्यालाच चिखलणीस जुंपणारा शेतकरी आपण पाहिलेला आहे. नुकसान दुहेरी होते: चिखलणी होत नाही आणि बैलही जातो.

हे आम्ही दुसऱ्यांच्या घराकडे बोट दाखवून लिहिले असते तर बरे झाले असते. परंतु तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या आंतरशालेय सामन्यांसाठी आमचा संघ निवडला, त्या समितीत आम्ही होतो. त्या वर्षी एका सद्गृहस्थांनी शाळेस जर्सींचा पूर्ण संच व दोन चेंडू दिले. त्यांचा मुलगा संघात आघाडीवर खेळणार हे जणू आपोआपच ठरले. दुसरा एक मुलगा होता. वडील तांदळाच्या गिरणीत हमाल, मुलगा सायकलने येई आणि सरावात त्याला अडविणे कोणास जमत नसे. त्यास आम्ही राखीव ठेवले. देणगीदारांनी तोंडातून एक अक्षरही काढले नव्हते. ते काम आमच्या मनानेच परस्पर केले. पहिल्या अर्ध्या डावातच चूक कळली होती. बदल करण्यास एक हात वर करणे पुरे होते. आम्ही केला नाही. जर्सी देणारे समोर खुर्चीवर बसले होते.

सामना आम्ही हरलो. जो खेळला त्याच्यावर प्रेक्षकांतून ओरडा झाला, "बापाच्या जर्सीवर आला!" तो मुलगा वाईट खेळाडू नव्हता. त्याच्या पाठीवर आम्हीच किंमत चिकटविली होती आणि ती घेऊन तो धावत होता. दुसऱ्याने संपूर्ण सामना पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. दुसऱ्या दिवशी तो सरावास आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आम्हांस वाटले रोवण्याचे दिवस आहेत, येईल. तो पुन्हा मैदानावर आलाच नाही. दहावी होऊन आता तो गोंदियास एका दुकानात कामास आहे. आम्ही दिसलो की नम्रतेने नमस्कार करतो; त्या नमस्काराचे आम्हांस ओझे होते.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांस पावसात झोपडपट्टीतील मुले फुटकी बादली लाथाडताना दिसली. २००१ साली त्यांनी त्यांतून झोपडपट्टी फुटबॉल उभा केला आणि तो पुढे जगभर गेला. २०२२ साली निघालेल्या 'झुंड' या चित्रपटामुळे ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. बारश्यांस बादलीपलीकडचा पाय दिसला. आम्हांस सायकलवरून आलेला मुलगा जर्सीच्या गठ्ठ्याआड दिसेनासा झाला. दोन्ही मिशनच्याच संस्था.

आता पापाचा प्रश्न. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला प्रार्थनेच्या तासास सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांनी आमच्याकडून ऐकलेला आहे. पहाटेपासून राबलेल्यांस जी मजुरी, तीच अखेरच्या तासास आलेल्यांस मिळाली, तेव्हा पहिले कुरकुर करू लागले. गादीवर लोळत सामना पाहून "एवढे कशासाठी?" असे ओरडणारा रसिक हा त्या कुरकुर करणाऱ्यांचाही धाकटा भाऊ होय, कारण तो तर मळ्यात गेलेलाच नसतो! कोटी रुपये घेणारा चुकतो, कारण चेंडू गोल आहे आणि पाय माणसाचा आहे. ठरलेली मजुरी त्याने लुटलेली नाही. ती देऊ करणाऱ्याने हिशेब करून देऊ केली आहे. त्याने सराव टाळला, जाणूनबुजून अंग चोरले, तर दोष द्यावा.

पण त्या दाखल्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या धन्याने मजुरी त्याच सायंकाळी चुकती केली. २०२५ च्या जुलैत लीग चालविण्याच्या कराराचा पेच सुटेना म्हणून सुपर लीगचा नवा हंगाम लांबणीवर टाकण्यात आला, आणि ऑगस्टमध्ये बंगळूरच्या क्लबाने आपल्या मुख्य संघातील खेळाडूंचे व सेवकवर्गाचे पगार स्थगित केले. ज्याच्यावर दहा वर्षांपूर्वी मुंबईत बोली लागली होती तो छेत्री, आणि तो भेके, दोघेही त्याच क्लबात होते. छेत्रीसारख्याचे घर त्यावाचून अडले नसेल. परंतु त्याच क्लबात जर्सी धुणारे, गवत कापणारे, पाय चोळणारे लोक असतात. त्यांची बोली कधी लागत नाही व त्यांचे आकडे आमच्या नववीस पाठ नाहीत. मोबाईलवर तावातावाने पगार मोजणाऱ्या आमच्या मित्रांपैकी त्या महिन्यात कोणीच व्हरांड्यात वाद घातला नाही. ते विचारीत होते, सामने केव्हा सुरू होणार.

यंदा जर्सी क्रीडाशुल्कातून घेतल्या आहेत व सरावाची एक वही ठेविली आहे. अकरांची यादी फलकावर लागली त्या दिवशी कोटीचा प्रश्न विचारणारा तोच विद्यार्थी शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याचे नाव राखीवांत होते. "सर, मी बाहेर का?" आम्ही वही उघडून त्याच्यापुढे ठेविली. बावीस सायंकाळांपैकी नऊ हजेऱ्या. त्याने त्या बोटाने दोनदा मोजल्या, वही मिटून परत दिली आणि उद्या सराव पाचलाच आहे ना, असे विचारून तो निघून गेला.